पाऊण युनिटच्या बॅटरीने काय होतं? स्ट्राँग हायब्रिड घेण्याआधीचा हिशोब

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं देतोय ते दोघांनाही कळेल. तुम्ही पुण्यात कोथरूडला राहता, ऑफिस खराडीला. रोजचं जाऊन-येऊन पस्तीसेक किलोमीटर, तेही ऐन गर्दीच्या वेळेला. महिन्यातून एकदा चौघं जण आणि भरलेली डिकी घेऊन चिपळूणला गावी. सोसायटी पार्किंगमध्ये चार्जर लावू देत नाही. शोरूमवाला म्हणतो, पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेली स्ट्राँग हायब्रिड घ्या, सत्तावीसचं ॲव्हरेज आहे. मेहुणे म्हणतात, त्यात पाऊण युनिटची बॅटरी असते, इलेक्ट्रिक गाडीत तीस-चाळीस युनिटची असते, तेव्हा हा सगळा स्टिकरचा खेळ आहे. वर आठ वर्षांनी बॅटरी गेली की लाखांचा फटका.

मेहुण्यांचा आकडा बरोबर आहे. मारुतीच्या ग्रँड व्हिटारा किंवा टोयोटाच्या हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये बॅटरी ०.७६ किलोवॉट-तासाची, म्हणजे पाऊण युनिटाचीच असते. त्यावरून त्यांनी काढलेला अर्थ मात्र मला पटत नाही. मी पॉवरट्रेन, म्हणजे इंजिन-मोटर-गिअर, यांच्या टेस्टिंगमध्ये बरीच वर्षं काढली आहेत आणि आता हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या दुरुस्तीचं वर्कशॉप चालवतो. गाडी विकण्यात माझा काही संबंध नाही, त्यामुळे ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ म्हणण्यात मला काही मिळत नाही. तुमचं खरं कोडं गाडी कुठली घ्यावी हे नाहीच. इतक्या लहान बॅटरीने पेट्रोल कसं काय वाचतं, हे ते कोडं आहे. ते सुटलं की तुमच्या वापरात किती वाचेल हे तुम्हीच सांगू शकाल.

आधी स्टिकरबद्दल, कारण तिथे मेहुण्यांचा संशय अगदीच निराधार नाही. बाजारात ‘हायब्रिड’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. माइल्ड हायब्रिडमध्ये अल्टरनेटरच्या जागी थोडा दणकट मोटर-जनरेटर असतो. तो सिग्नलला इंजिन बंद-चालू करतो, उचल घेताना थोडा हात देतो, पण एकट्याच्या जोरावर गाडी हलवू शकत नाही. आपल्याकडे मारुतीने सिआझपासून, २०१५ पासून, हे दिलं. वाईट नाही, पण त्यातून ॲव्हरेजमध्ये मोठी उडी पडत नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोटर एकटी गाडी ओढते, इंजिन पूर्ण बंद ठेवून. दोन्ही प्रकार एकाच मॉडेलमध्ये मिळतात, त्यामुळे कोटेशनवर नेमकं काय लिहिलंय ते बघा. प्लग-इन हायब्रिड हा तिसरा प्रकार, पण तो तुमच्या कामाचा नाही. तो रोज चार्ज केला तरच उपयोगाचा, नाहीतर मोठी बॅटरी ओझं म्हणून फिरवायची.

आता त्या पाऊण युनिटाकडे वळू.

लोक बॅटरीला पेट्रोलच्या टाकीसारखं मोजतात. इलेक्ट्रिक गाडीत ते बरोबर आहे, तिथे बॅटरीच टाकी असते. हायब्रिडमध्ये ती टाकी नसते, दुकानातला गल्ला असतो. गल्ल्यात दिवसअखेर किती रक्कम पडून आहे यावरून कुणी दुकानाची उलाढाल ठरवत नाही. दिवसभर किती पैसे आले आणि गेले, आणि सुटे द्यायची वेळ आली तेव्हा गल्ला रिकामा नव्हता ना, हे महत्त्वाचं.

तुमच्याच रस्त्याचा हिशोब करू. दोन माणसांसकट गाडीचं वजन साधारण १,३५० किलो धरा. ताशी ४० किलोमीटरवर असताना तिच्यात गतीची जी ऊर्जा असते ती सुमारे ०.०२३ युनिट. साध्या गाडीत तुम्ही ब्रेक दाबला की ही सगळी ऊर्जा डिस्क आणि पॅड तापवण्यात जाते. कोथरूड ते खराडी या एका फेरीत असे चाळीस ब्रेक लागतात असं धरू. कर्वे रस्ता आणि पुढचा नगर रस्ता ओळखणारा कुणी हा आकडा जास्त आहे असं म्हणणार नाही. चाळीस गुणिले ०.०२३ म्हणजे ०.९ युनिट. म्हणजे एका फेरीत तुम्ही ब्रेकमध्ये जी ऊर्जा घालवता ती त्या ‘एवढ्याशा’ बॅटरीच्या पूर्ण क्षमतेपेक्षा जास्त आहे. बॅटरीला मात्र ती एकदम साठवावी लागत नाही. एका सिग्नलला घेतली, पुढच्या उचलीला परत दिली, इतकंच. मोठी बॅटरी लावली असती तर तिचा बहुतेक भाग नुसता बसून राहिला असता आणि त्याचं वजन मात्र इंजिनाला ओढावं लागलं असतं.

म्हणूनच हायब्रिडच्या बॅटरीत ‘किती मावतं’ यापेक्षा ‘किती वेगाने घेता-देता येतं’ हे बघतात. या गाड्यांच्या इंजिनाची ताकद ६८ किलोवॉट आणि मोटरसकट एकत्रित ८५ किलोवॉट दिलेली आहे. म्हणजे जोर लावताना बॅटरीतून साधारण १७ किलोवॉट येतात. पाऊण युनिटाच्या बॅटरीतून एवढी ताकद सलग काढली तर ती तीन मिनिटांच्या आत पूर्ण रिकामी होईल. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला आकाराच्या मानाने इतकं कधी ताणावं लागत नाही. त्यामुळे हायब्रिडचे सेल वेगळ्या बांधणीचे असतात. साठा कमी, पण मोठा करंट झटपट घेणारे आणि झटपट देणारे.

इथे बहुतेक लोकांची एक समजूत असते, आणि विक्रेतेही ती पसरवतात: ब्रेकमधली ऊर्जा परत मिळते, म्हणून पेट्रोल वाचतं. वाचतं, पण माझ्या मते तो बचतीचा लहान भाग आहे. मोठा भाग वेगळ्याच ठिकाणी आहे.

पेट्रोल इंजिन चांगल्या स्थितीत चालत असेल तर इंधनातल्या ऊर्जेपैकी ३५-४० टक्के कामात आणू शकतं. पण ‘चांगली स्थिती’ म्हणजे मध्यम फेरे आणि बऱ्यापैकी भार. गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटताना थ्रॉटल जवळपास बंद असतो, इंजिन स्वतःच्याच श्वासाशी झगडत असतं आणि हाच आकडा १५-२० टक्क्यांवर येतो. सिग्नलला उभं असताना तर शून्य, कारण पेट्रोल जळतंय आणि गाडी हलत नाही. हायब्रिडची खरी कमाई अशी आहे की ती इंजिनाला हे फुटकळ काम करूच देत नाही. सरपटायचं काम मोटर करते. इंजिन सुरू झालं तर त्याच्या सोयीच्या भारावर चालतं, जास्तीची ताकद बॅटरीत टाकतं आणि पुन्हा बंद होतं. ही देवघेव करायला मध्ये गल्ला लागतो, म्हणून ती बॅटरी.

इंजिनसुद्धा त्या हिशोबाने निवडलेलं असतं. ॲटकिन्सन चक्राचं इंजिन इंधन कमी खातं, पण खालच्या फेऱ्यांना त्यात दम नसतो. साध्या गाडीत असं इंजिन लावलं तर सिग्नलवरून निघताना मागचे हॉर्न ऐकावे लागतील. तो दम मोटर भरून काढते. टोयोटाने डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये पहिली प्रियस आणली तेव्हा मांडणी हीच होती: मंद पण काटकसरी इंजिन, दोन मोटरी आणि त्यांना जोडणारा प्लॅनेटरी गिअरसेट, म्हणजे एका मधल्या गिअरभोवती फिरणाऱ्या गिअरांचा संच. त्यात क्लच नाही, गिअर बदलणं नाही, सीव्हीटीचा (पायऱ्या नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा) पट्टाही नाही. नाव ई-सीव्हीटी असलं तरी आतला प्रकार पूर्ण वेगळा आहे, आणि माझ्या अनुभवात या गाड्यांमधला सगळ्यात कमी त्रास देणारा भाग तोच. होंडा सिटीची पद्धत थोडी निराळी आहे. तिथे शहरात बहुतेक वेळ इंजिन जनरेटर फिरवतं आणि मोटर गाडी ओढते, हायवेच्या वेगाला क्लच लागून इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. वापरणाऱ्याला दोन्हींत फारसा फरक पडत नाही.

जाता जाता एक गोष्ट, कारण मेहुण्यांना ती आवडेल. २००७ नंतर मुंबईत आलेल्या नव्या लोकल ब्रेक लावताना वीज परत देतात, आणि त्यासाठी त्यांना बॅटरी लागत नाही. वीज वरच्या तारेत जाते आणि जवळपासची दुसरी लोकल ती वापरते. गाडीला तार नाही, म्हणून साठा सोबत बाळगावा लागतो. आणि साठा जड असतो. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते आणि त्याचं वजन पाऊण किलोच्या आसपास. तेवढीच वीज साठवणारी लिथियम बॅटरी, तिच्या पेटी-वायरिंगसकट, साठ किलोच्या घरात जाते. इलेक्ट्रिक मोटर इंजिनापेक्षा दुपटीहून जास्त कार्यक्षम असल्यामुळे प्रत्यक्षात तूट इतकी भयंकर राहत नाही, पण हायब्रिड बनवणारे बॅटरी लहान का ठेवतात ते यावरून कळेल.

आता हायवे. सलग ऐंशी-नव्वदने जाताना ब्रेक लागत नाहीत, इंजिन आधीच बऱ्या भारावर चालतंय, हवेचा अवरोध कुठल्याच गाडीला सोडत नाही. म्हणजे गल्ल्यात ना काही येतं, ना काही जातं. इथे हायब्रिडचा फायदा उरतो तो मुख्यतः काटकसरी इंजिनाचा. म्हणूनच ‘हायब्रिड शहरात जास्त ॲव्हरेज देते आणि हायवेला कमी’ असं उलटं चित्र दिसतं आणि लोक गाडी बिघडली म्हणून माझ्याकडे घेऊन येतात. बिघडलेली नसते.

शोरूमचा २७.९७ हा आकडा खोटा नाही, पण तो ठरलेल्या चाचणीचा आहे. रोलरवर, ठरावीक वेगाच्या चक्रात, एसी बंद ठेवून. पुण्यातल्या गर्दीत एसी लावून मला दिसतात ते आकडे साधारण १९ ते २३. त्यातही एक अट आहे. फेरी तीन-चार किलोमीटरचीच असेल तर इंजिन आणि सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट गरम करण्यातच ती संपते आणि आकडा खाली येतो. तुमची सतरा-अठरा किलोमीटरची फेरी हायब्रिडसाठी आदर्श आहे. एप्रिल-मेमध्ये मात्र एक गोष्ट जाणवेल. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असतानाही गार हवा येते. पण तो एक-दोन किलोवॉट खातो, आणि संगणक बॅटरीचा फक्त मधला भाग वापरू देतो, समजा ०.३ युनिट. म्हणजे भर उन्हात एका जागी उभं राहिलात तर दहा-पंधरा मिनिटांत इंजिन आपणहून सुरू होणार. तेही बिघाड म्हणून आणू नका.

चिपळूणचा रस्ता हा तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात रस असलेला भाग, कारण घाटाबद्दल कुणी नीट सांगत नाही. लोकांना वाटतं, घाट उतरताना बॅटरी भरून वाहणार आणि पुढे फुकट प्रवास. कुंभार्ली घाटाचा उतार अंदाजे पाचशे मीटर धरा. माणसं-सामानासकट दीड टनाची गाडी पाचशे मीटर खाली आली की तिच्यातून २ युनिट ऊर्जा मोकळी होते. टायरचं घर्षण आणि हवा वजा केली, मोटरचं नुकसान वजा केलं, तरी बॅटरीपर्यंत एकेक युनिट सहज येऊ शकेल. आणि तिथे जागा आहे ०.३ युनिटाची, तीही बॅटरी बरीच रिकामी असेल तर. म्हणजे घाटाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातच गल्ला भरला. उरलेल्या घाटात एवढी ऊर्जा ठेवायची कुठे?

तेव्हा गाडी ती वाया घालवते. जनरेटरकडून इंजिन फिरवते, पेट्रोल न टाकता, नुसत्या हवेच्या पंपासारखं. उतारावर, पाय ॲक्सिलरेटरवर नसताना, इंजिन अचानक गुरगुरायला लागतं आणि नवा मालक घाबरतो. घाबरू नका, ते तुमचे ब्रेक वाचवतंय. गिअर सिलेक्टरवर ‘बी’ (इंजिनाने वेग रोखणारी स्थिती) असेल तर घाट लागताच त्यात टाका. आणि एक सवय आजच सोडा: उतारावर न्यूट्रल. साध्या गाडीतही ते धोक्याचंच आहे, पण हायब्रिडमध्ये ‘एन’ला बॅटरी चार्ज होणंच बंद होतं. म्हणजे सुरक्षितताही गेली आणि वीजही.

चढताना उलटा प्रकार. तेच २ युनिट आता वर न्यायचे आहेत. बॅटरीतला साठा पहिल्या काही वळणांत संपतो आणि मग तीन सिलिंडरचं इंजिन एकटंच राहतं. ते वर नेतं, थांबत नाही, पण ओरडतं. आवाज आणि वेग यांचा मेळ लागत नाही, कारण गिअर बदलत नाहीत. चौघं, सामान, एसी आणि पुढे एसटी असेल तर ओव्हरटेक विचार करूनच करा. ज्यांचा बहुतेक वापर घाटातला आणि भरलेल्या गाडीचा आहे त्यांना मी या आकाराची हायब्रिड सुचवत नाही. तुमचा महिन्यातून एकदाचा घाट आहे, तेवढं चालून जाईल.

बॅटरीच्या आयुष्याबद्दल. टोयोटा आणि मारुती दोघीही हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल तोपर्यंत, वॉरंटी देतात. लोक ‘८ वर्षं वॉरंटी’ याचा अर्थ ‘नवव्या वर्षी मेली’ असा लावतात. तसं होत नाही. संगणक बॅटरीला कधी पूर्ण भरू देत नाही, कधी पूर्ण रिकामी होऊ देत नाही, आणि बॅटरीला म्हातारपण आणणाऱ्या ह्याच दोन गोष्टी आहेत. तिसरी उष्णता. आपल्याकडे २०१३ पासून टोयोटाची कॅमरी हायब्रिड आहे, तिच्यातली सुरुवातीची बॅटरी जुन्या निकेल-मेटल हायड्राइड प्रकारातली. त्या पिढीच्या गाड्या अजून माझ्याकडे सर्व्हिसला येतात, आणि बॅटरीचा त्रास असलेल्या गाड्यांत बहुतेक वेळा कारण वय नसतं, धूळ असते. बॅटरीला गार ठेवणारी हवा केबिनमधून घेतली जाते. मागच्या सीटजवळ त्याची जाळी असते. तिच्यासमोर बॅगा, चादरी, घरच्या कुत्र्याचे केस. हवा अडली की बॅटरी तापते, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत आयुष्य घटतं. जाळी कुठे आहे ते डिलिव्हरीच्या दिवशीच विचारून घ्या, मोकळी ठेवा, दर सर्व्हिसला साफ करायला सांगा. एवढं एक काम बाकी सगळ्या सल्ल्यांपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

म्हातारी बॅटरी एका सकाळी बंद पडत नाही. आधी इंजिन वरचेवर सुरू व्हायला लागतं, बॅटरीचा पंखा जोरात ऐकू येतो, पडद्यावरच्या बॅटरीच्या रेघा भराभर खाली-वर होतात, ॲव्हरेज दोन-तीनने उतरतं. त्या वेळी कुणीतरी तुम्हाला स्वस्तात ‘सेल बदलून देतो’ म्हणेल. जुन्या गाड्यांतून काढलेले सेल बसवून गाडी काही महिने चालतेही, पण नवा-जुना मेळ बसत नाही आणि पुढचा कमकुवत सेल लगेच मान टाकतो. शिवाय नारिंगी केबल म्हणजे उच्च व्होल्टेज, १७७ व्होल्ट आणि त्याहून जास्त. योग्य हातमोजे आणि उच्च व्होल्टेज तोडणारा सर्व्हिस प्लग काढायची शिस्त नसलेल्या माणसाला तिथे हात लावू देऊ नका. बुकिंगच्या आधी सर्व्हिस सेंटरमधून नव्या बॅटरीची आजची किंमत लेखी घ्या. देत नसतील तर त्यातूनही काही कळतंच.

गंमत अशी की हायब्रिडमध्ये ‘बॅटरी गेली’ म्हणून येणारे बहुतेक फोन साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीचे असतात. मोठ्या बॅटरीला जागं करणारे रिले (विजेवर चालणारे स्विच) आणि संगणक या लहान बॅटरीवर चालतात. गाडी तीन आठवडे उभी राहिली, लहान बॅटरी उतरली, की स्टार्टचं बटण दाबून काहीच होत नाही. जंप देऊन गाडी सुरू होते. गावी किंवा परदेशी जाणार असाल तर घरातल्या कुणाला तरी आठवड्याला अर्धा-पाऊण तास गाडी ‘रेडी’ स्थितीत ठेवायला सांगा. नुसतं इग्निशन ऑन करून रेडिओ ऐकणं म्हणजे उलट लहान बॅटरी आणखी उतरवणं.

पैशाचं बोलू. गृहीतं उघड ठेवतो, म्हणजे तुम्हाला तुमचे आकडे घालता येतील. शहरातला वापर वर्षाला ८,४०० किलोमीटर, चिपळूणचा ६,०००. साधी किंवा माइल्ड ऑटोमॅटिक शहरात १३ देते असं धरा, स्ट्राँग हायब्रिड २१. बाहेरगावी घाटासकट १७ विरुद्ध २०. शहरात तुम्ही सुमारे २४६ लिटर वाचवता, बाहेरगावी जेमतेम ५३. एकूण ३०० लिटर. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर वर्षाला ३१ हजारांच्या आसपास. दोन गाड्यांच्या ऑन-रोड किमतीत समजा २ लाखांचा फरक असेल तर तो फिटायला साडेसहा वर्षं. कर्जाचं व्याज आणि वाढीव विमा धरला तर आणखी वर्षभर.

बघा, एकूण वापराच्या चाळीस टक्क्यांहून जास्त किलोमीटर बाहेरगावचे असूनही बचतीत त्यांचा वाटा पाचवा हिस्सासुद्धा नाही. म्हणजे तुमचं ऑफिस उद्या घरून झालं तर हा सगळा हिशोब कोसळतो. उलट तुम्ही शहरातच वर्षाला वीस हजार किलोमीटर चालवत असता तर तीन-साडेतीन वर्षांत फरक वसूल. एक गफलत मात्र टाळा. स्ट्राँग हायब्रिड जन्मतःच ऑटोमॅटिक असते, त्यामुळे तिची तुलना ऑटोमॅटिकशीच करा, मॅन्युअलशी नको. आणि सारख्याच फीचर्सच्या व्हेरिएंटशी. सनरूफचे पैसे हायब्रिडच्या खात्यात टाकू नका.

करातही तुम्हाला फार मदत नाही. सप्टेंबर २०२५ च्या बदलानंतर ४ मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर ४० टक्के जीएसटी आहे, म्हणजे तेवढ्याच पेट्रोल गाडीइतका. इलेक्ट्रिकवर ५ टक्के. गर्दीच्या शहरात एक-तृतीयांश पेट्रोल वाचवणाऱ्या गाडीला साध्या गाडीच्याच पंगतीला बसवणं मला पटत नाही, पण धोरण आहे तसं आहे.

त्यामुळे तुमच्याबाबतीत माझं पहिलं म्हणणं थोडं अनपेक्षित वाटेल: सोसायटीचा विषय अजून सोडू नका. रोज पस्तीस किलोमीटर, घरी रात्रभर उभी गाडी, हा वापर इलेक्ट्रिकसाठीच बनलेला आहे. शंभर किलोमीटरला १४-१५ युनिट, घरगुती दराने किलोमीटरला दीड रुपयाच्या आसपास, तर हायब्रिडचा पाच. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये घरच्या चालू कनेक्शनवरून गाडी चार्ज करायला मुभा आहे, आणि महावितरणकडे ईव्हीसाठी वेगळा दरवर्गही आहे. सोसायट्यांचा नकार बहुतेक वेळा आगीच्या भीतीचा किंवा वीजबिल कुणाच्या माथी पडेल याचा असतो. स्वतःच्या मीटरवरून वेगळी केबल, योग्य एमसीबी आणि अर्थिंग, परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं पत्र, असा लेखी प्रस्ताव कमिटीपुढे ठेवलात तर सूर बदलतो, असं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. तरीही नकारच आला, किंवा चिपळूणच्या वाटेवर चार्जरसाठी थांबणं घरच्यांना नको असेल, तर हायब्रिड हा तुमच्यासाठी योग्य पर्याय आहे. गाडी आठ-दहा वर्षं ठेवणार असाल तर. चार वर्षांत बदलायची सवय असेल तर पैशाच्या दृष्टीने नाही. मग शांतता आणि गर्दीतला आराम यासाठी घेतोय असं स्वतःला प्रामाणिकपणे सांगून घ्या. सीएनजीचा खर्च हायब्रिडपेक्षाही किंचित कमी बसतो, पण पंपावरची रांग आणि सिलिंडरने खाल्लेली डिकी, चौघांच्या सामानासकट, हे गणित तुम्हीच मांडा. डिकी हायब्रिडमध्येही कापली जाते, कारण बॅटरी तिथेच खाली असते. टेस्ट ड्राइव्हला जाताना चिपळूणच्या बॅगा घेऊन जा आणि खरंच भरून बघा.

टेस्ट ड्राइव्हही रविवारी सकाळी नको. संध्याकाळी साडेसहाला, एसी लावून, ट्रिप मीटर शून्य करून, निदान दहा किलोमीटर गर्दीत. ब्रेक लवकर आणि हलके दाबून पाहा. शेवटच्या क्षणी कचकन दाबलात तर मोटरला तेवढी वीज घेता येत नाही आणि उरलेलं काम डिस्क करते. एकाच रस्त्यावर दोन ड्रायव्हरांच्या ॲव्हरेजमध्ये तीन-चारचा फरक मी पाहिलाय, तो बहुतेक ब्रेकच्या पायाचाच. ब्रेक कमी वापरले जातात म्हणून पॅड खूप टिकतात, पण कोकणच्या दमट हवेत डिस्कवर गंज धरतो आणि कॅलिपरच्या पिना अडकतात. पावसाळा संपला की ब्रेक उघडून साफ करून घ्या, पॅड जाड दिसत असले तरीही. इंजिन ऑइलही किलोमीटर कमी झाले म्हणून लांबवू नका. हे इंजिन दिवसभरात अनेकदा बंद-चालू होतं, त्याला पातळ, ठरवून दिलेलंच ऑइल लागतं.

राहिला पूर. चिपळूण म्हटल्यावर हे सांगायलाच हवं. जुलै २०२१ मध्ये तिथे काय झालं ते तुमच्या घरच्यांनी पाहिलंच असेल. साचलेल्या पाण्यात हायब्रिड उभी राहिली म्हणून करंट लागत नाही. उच्च व्होल्टेजचा भाग गाडीच्या सांगाड्यापासून तोडलेला असतो आणि गळती जाणवली की रिले उघडतात. पण पाणी सीटपर्यंत चढून गेलं असेल तर ते उतरल्यावर ‘बघू तरी चालू होते का’ म्हणून स्टार्टचं बटण दाबू नका. इंजिनात पाणी असेल तर ते तिथेच मोडतं, आणि बॅटरीच्या पेटीत ओल असेल तर दुरुस्त होण्यासारखा भागही जळतो. दावा नाकारायला विमा कंपनीला हे आयतं कारण मिळतं. विमा घेताना इंजिनाबरोबर हायब्रिड बॅटरीचंही संरक्षण घ्या, आणि ते पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं आहे ना ते पाहा. गाडी हलवायची वेळ आली तर पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढायला देऊ नका. चाकं फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार होते. पूर्ण गाडी वर घेणारा फ्लॅटबेड ट्रक मागवा, तासभर जास्त थांबावं लागलं तरी.